बर्फातलं अंगण: दाणे टिपणारी पाखरं आणि त्यांच्या मागावर येणारा ससाणा

न्यू जर्सीत पहिला हिवाळा काढणाऱ्या आपल्या माणसांना डिसेंबर लागला की बाहेरचं जग संपल्यासारखं वाटतं. झाडं उघडी पडलेली, चार-साडेचारलाच अंधार, खिडकीबाहेर नुसतं पांढरं. मला मात्र पक्षी ओळखायला शिकायचं असेल तर हाच मोसम सगळ्यात चांगला वाटतो. पानं नसल्यामुळे पक्षी लपत नाही, पांढऱ्या बर्फावर त्याचा रंग उठून दिसतो आणि अंगणात येणाऱ्या जाती मोजून बारा-पंधरा असतात. शिवाय खाणं बर्फाखाली गाडलं गेल्यामुळे पाखरं स्वतः तुमच्या खिडकीशी येतात. आणि पाखरं आली की एक दिवस त्यांच्या मागावर ससाणाही येतो. त्याच्यासाठीही मनाची तयारी ठेवायची. नव्याने सुरुवात करणाऱ्यांच्या लेखी तो खलनायक असतो. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते पुढे सांगतेच.

आधी खिडकी, मग फीडर

घरातली कोणती खिडकी तुम्ही दिवसातून दहा वेळा आपसूक पाहता? बहुतेक घरांत ती सिंकसमोरची असते. तीच निवडा. मुद्दाम जाऊन बसावं लागेल अशी जागा आठ दिवसांत सुटते.

फीडर, म्हणजे पाखरांसाठी दाणे ठेवायचं भांडं, काचेपासून तीन फुटांच्या आत लावा, नाहीतर सरळ तीस फुटांच्या पलीकडे. हे अंतर महत्त्वाचं आहे. घाबरलेला पक्षी काचेत आकाश बघतो आणि तिच्यावर जाऊन आदळतो. फीडर अगदी जवळ असेल तर त्याला वेग घ्यायला जागाच मिळत नाही. अमेरिकेत इमारतींच्या काचांवर आदळून दर वर्षी साडेछत्तीस कोटी ते शंभर कोटी पक्षी मरतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यातले बरेचसे उंच टॉवरांवर नव्हे, तर आपल्यासारख्यांच्या घरांवर आणि लहान इमारतींवर आदळतात. उपाय सोपा आहे. ठिपक्यांच्या रांगोळीसारखे ठिपके काचेवर काढायचे, दोन ठिपक्यांत दोन इंचांचं अंतर ठेवायचं आणि ठिपके काचेच्या बाहेरच्या बाजूने लावायचे. आतून लावले तर बाहेरच्या प्रतिबिंबात ते बुडून जातात. ससाण्याच्या आकाराचं एकच स्टिकर चिकटवून काम होत नाही, पक्षी त्याच्या बाजूने जाऊन काचेवर आदळतात.

आसरा हवाच. दाट झुडूप किंवा सदाहरित झाड दहा-एक फुटांवर असावं. त्याहून जवळ असेल तर मांजर त्यात दबा धरून बसतं, फार लांब असेल तर ससाणा आल्यावर पाखरांना तिथवर पोचता येत नाही. अंगण अगदीच उघडं असेल तर जानेवारीत लोक ख्रिसमसची झाडं रस्त्याकडेला ठेवतात, त्यातलं एक उचलून आणा, त्यावरची सजावट नीट काढा आणि फीडरजवळ आडवं टाका. पहिल्याच दिवशी त्यात चिमण्या शिरलेल्या दिसतील.

खारी फीडरवर चढू नयेत म्हणून इथे पाच-सात-नऊ असा हिशोब सांगतात: फीडरचा खांब पाच फूट उंच, झाड किंवा कुंपण सात फुटांवर, वरून येणारी फांदी नऊ फुटांवर. खांबाला मध्ये शंकूसारखी पत्र्याची आडकाठी बसवली की झालं. टाउनहाउसमध्ये राहत असाल तर आधी वसाहतीच्या असोसिएशनचे नियम वाचा, काही ठिकाणी फीडरला बंदी असते. आणि उत्तर जर्सीत अस्वलांचा भाग असेल तर कडाक्याची थंडी सुरू झाल्यावरच फीडर लावा आणि मार्चच्या आसपास काढून ठेवा.

काय घालायचं

एकच पिशवी आणायची असेल तर काळ्या सालीच्या सूर्यफुलाच्या बियांची आणा. साल पातळ असते, आत तेल भरपूर, आणि जवळजवळ सगळ्यांना चालते. स्वस्त मिश्रणाची पिशवी घेऊ नका. त्यात लाल ज्वारी भरीला घातलेली असते आणि इकडच्या पूर्वेकडच्या पाखरांना ती आवडत नाही. ती चोचीने बाजूला सारतात आणि ज्वारी खाली पडून सडते.

गोल्डफिंच या छोट्या पिवळ्या पक्ष्यासाठी दुकानात ‘नायजर’ नावाची बारीक काळी बी मिळते. मी पहिल्यांदा ती तळहातावर घेतली आणि वासावरूनच ओळखली: हे आपलं कारळं! ज्याची चटणी भाकरीबरोबर खातो तेच. भारत आणि इथिओपियातून ते इकडे येतं आणि अमेरिकेत घेण्याआधी तापवलं जातं, म्हणजे त्यात मिसळलेलं अमरवेलीसारख्या तणाचं बी इथे रुजत नाही. चटणीसाठी आणलेलं भाजकं, मीठ लावलेलं कारळं मात्र पाखरांना घालू नका. आणि नायजर ओलं झालं की गोल्डफिंच त्याला शिवत नाहीत, म्हणून थोडंथोडंच भरा.

‘सुएट’ नावाच्या वड्या सुतार पक्ष्यांना फार आवडतात, पण सुएट म्हणजे गाईच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. आपल्यापैकी अनेकांना ती घरात आणणं जमणार नाही आणि त्यासाठी मन मारण्याचं कारणही नाही. बिनमिठाचे शेंगदाणे द्या. किंवा पाइनखाली पडलेलं सुकं बोंड घेऊन त्याच्या फटींत पीनट बटर भरा, वरून बिया दाबा आणि दोरीने टांगा. आमच्याकडे याच बोंडांवर डाउनी जातीचा छोटा सुतार रोज येतो.

उरलेला भात, पोळी, ब्रेड टाकू नका. दारात घास ठेवायची आपली सवय मनापासूनची आहे, हे मला कळतं. आमच्या आधीच्या टाउनहाउसमध्ये मीही भात ठेवायचे. पंधरा दिवसांत उंदीर आले आणि शेजारच्या घरात लहान बाळ होतं. त्या दिवसापासून बंद केलं. खारट भात त्या पाखरांच्याही कामाचा नाही.

कोण कोण येतं

सुरुवात ओळखीच्या पक्ष्यापासून करा: चिमणी. होय, आपलीच. १८५० च्या दशकात ती ब्रुकलिनमध्ये आणून सोडली गेली आणि देशभर पसरली. चिमणी डोळ्यांत पक्की बसली की बाकीचे तिच्याशी ताडून पाहता येतात: चिमणीएवढा की लहान, चोच तशीच जाड की बारीक.

पाटीसारखी करडी पाठ, पांढरं पोट, जमिनीवर उड्या मारत दाणे टिपणारा आणि उडताना शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या चमकवणारा तो जंको. लोक त्याला स्नोबर्ड म्हणतात, कारण तो उत्तरेकडून थंडीबरोबरच येतो. लाल तुरेवाला कार्डिनल चुकणं शक्य नाही. पहाटे सगळ्यांत आधी आणि तिन्हीसांजेला सगळ्यांत शेवटी तोच फीडरवर असतो. झाडाच्या खोडावरून डोकं खाली करून उतरणारा नटहॅच. होल्यासारखा दिसणारा, शेपूट टोकदार असलेला मॉर्निंग डव्ह (त्यातल्या ‘मॉर्निंग’चा अर्थ सकाळ नव्हे, शोक. त्याचा आवाज ऐकलात की नाव पटेल). ठिपक्यांचा काळपट स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकी-भोरडीच्या कुळातला. गोल्डफिंच न्यू जर्सीचा राज्यपक्षी आहे, पण हिवाळ्यात त्याचा पिवळाधमक रंग उतरून मातकट होतो आणि नवखे त्याला ओळखतच नाहीत.

माझा जीव चिकडीवर आहे. काळी टोपी, काळा गळा, पांढरे गाल, आणि वजन जेमतेम १० ते १२ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे साखर. जर्सीच्या उत्तर भागात ब्लॅक-कॅप्ड चिकडी, मध्य आणि दक्षिण भागात कॅरोलायना चिकडी. चिकडी फीडरवर बसून खात नाही. एक बी उचलते, फांदीवर जाते, दोन पायांत धरून चोचीने फोडते आणि पुन्हा येते. किंवा ती बी सालीच्या फटीत लपवून ठेवते आणि अशा शेकडो जागा लक्षात ठेवते. कडाक्याच्या रात्री ब्लॅक-कॅप्ड चिकडी आपल्या शरीराचं तापमान दिवसाच्या ४२ अंश सेल्सियसवरून सुमारे १० अंशांनी खाली आणते, साठवलेली चरबी सकाळपर्यंत पुरावी म्हणून. सकाळी साडेसातला तिला फीडरवर पाहाल तेव्हा ती कसली रात्र काढून आली आहे हे आठवा.

आणि तिचा आवाज ऐका. चिक-ए-डी-डी-डी. शेवटचे ‘डी’ मोजा. ब्लॅक-कॅप्ड चिकड्यांवरच्या अभ्यासात आढळलंय की धोका जितका मोठा तितके ‘डी’ वाढतात, आणि लहान, चपळ शिकारी पक्ष्यांसाठी ते सर्वांत जास्त असतात. मोठं घुबड तिला पकडू शकत नाही, म्हणून त्याच्यासाठी कमी. ससाणा जवळ आहे हे तुमच्या आधी तिला कळतं, आणि ती ते सगळ्यांना सांगते.

ससाणा येतो तेव्हा

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत आई साताऱ्याहून आली होती. आठेक इंच बर्फ पडलं होतं. ती खिडकीशी मटार सोलत बसली होती आणि एकदम म्हणाली, “अगं, सगळी गप्प का झाली?” मी पाहिलं. फीडरवर एक चिकडी चिकटून बसलेली, पापणीही हलत नव्हती. डाउनी सुतार खोडाला असा सपाट बसला होता की सालीचाच भाग वाटावा. एरवी क्षणभर न थांबणारी ही पाखरं अशी पाच मिनिटं दगडासारखी बसतात तेव्हा समजायचं, जवळच कुणीतरी आहे.

तो कुंपणावर होता. थंडीने पिसं फुलवलेली, एक पाय पोटात ओढलेला, छातीवर आडवे तांबूस पट्टे, डोळे लाल. “हा तर आपला शिक्रा!” आई म्हणाली. “आमच्या परसातली कोंबडीची पिल्लं उचलायचा. पण हा केवढा मोठा गं!” तिने बरोबर ओळखलं होतं. कूपर्स हॉक शिक्र्याच्याच नात्यातला, फक्त आकाराने बराच मोठा. वीसेक मिनिटांनी तो फेकल्यासारखा निघाला आणि कुंपणाच्या कोपऱ्यात एका मॉर्निंग डव्हवर उतरला. नंतर आम्ही बूट घालून बाहेर गेलो. बर्फावर दोन पंखांचे ठसे होते, पंख्यासारखे उघडलेले, प्रत्येक पिसाची रेघ वेगळी दिसावी इतके स्वच्छ. मध्ये करड्या पिसांचा पसारा आणि एकच लाल ठिपका. आई बराच वेळ वाकून पाहत होती.

काचेवर टकटक करून त्याला हाकलावं असं मलाही त्या क्षणी वाटलं होतं. हाकलू नका. धरलेली शिकार टाकून तो गेला तर पोट भरायला त्याला दुसरी मारावी लागेल. त्याचे बहुतेक हल्ले फसतात, आणि पहिल्या हिवाळ्यात त्याची कितीतरी पिल्लं मरतात. आपण दाणे घातले म्हणून पाखरं एका जागी जमली आणि पाखरं जमली म्हणून तो आला. या अंगणात त्यालाही आपणच बोलावलं आहे. तो रोजच ठाण मांडून बसायला लागला तर फीडर आठवडाभर काढून ठेवा. पाखरं पांगतात, तो पुढे जातो. त्या आठवड्यात पाखरं उपाशी मरत नाहीत, बरंचसं खाणं ती एरवीही बाहेरच शोधतात.

ओळखताना गोंधळ होतो तो कूपर्स आणि त्याचाच लहान भाऊबंद शार्प-शिन्ड हॉक यांच्यात. दोघांची पाठ निळसर करडी, छातीवर तांबूस पट्टे. कोवळ्या वयात दोघेही तपकिरी, डोळे पिवळे. मादी नराहून मोठी असते, त्यामुळे शार्प-शिन्डची मादी कूपर्सच्या नराजवळ पोचते आणि नुसत्या आकारावर भरवसा ठेवता येत नाही. शेपटी पाहा: कूपर्सची टोकाला गोलसर, पांढरी कड रुंद, शार्प-शिन्डची चौकोनी कापल्यासारखी. डोकं पाहा: कूपर्सचं मोठं, टोपी घातल्यासारखं, मानेशी रंगाचा फरक, शार्प-शिन्डचं लहान, खांद्यांत बसवल्यासारखं. पाय दिसले तर शार्प-शिन्डचे काडीसारखे बारीक. फोनवर धूसर का होईना, शेपटीचा एक फोटो घ्या. नुसत्या आठवणीवर विसंबून शेपटीचं टोक कुणालाच नीट सांगता येत नाही.

पोटावर गडद पट्टा असलेला, जाडजूड, पार्कवेच्या कडेला दिव्याच्या खांबावर बसलेला दिसतो तो रेड-टेल्ड हॉक. शेपूट विटकरी असते ती प्रौढांचीच. तो अंगणात आला तर खारीसाठी किंवा उंदरासाठी, चिकड्यांना त्याची फारशी धास्ती नसते. ससाण्याची किंकाळी ऐकू आली आणि ससाणा कुठेच नाही, तर ब्लू जे हा निळा, तुरेवाला पक्षी शोधा. तो रेड-शोल्डर्ड हॉकची हुबेहूब नक्कल करतो. आणि जानेवारीच्या रात्री खोल, घुमणारा हूँ-हूँ आला तर ते ग्रेट हॉर्न्ड आउल, म्हणजे शिंगळं घुबड. भर थंडीत ते घरटं धरतं. मादी अंडी उबवत असते आणि तिच्या पाठीवर बर्फ साठतं.

एक काळ असा होता की हे शिकारी पक्षी दिसले की लोक गोळी घालत. पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगरावर दर शरद ऋतूत हजारो ससाणे मारले जायचे. १९३४ मध्ये रोझली एज या बाईंनी तो डोंगरच भाड्याने घेतला आणि तिथे राखणदार बसवला. आज ते हॉक माउंटन अभयारण्य आहे. ऑक्टोबरात एकदा तरी मुलांना घेऊन जा.

मुलांवरून आठवलं: बर्फातली ती सुंदर पिसं घरी आणू नका. १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याप्रमाणे इथल्या जवळजवळ सर्व देशी पक्ष्यांची पिसं, घरटी, अंडी जवळ ठेवणं गुन्हा आहे, सापडलेलं एक पीससुद्धा. फोटो काढा, तिथेच राहू द्या. मुलांना कारण सांगितलं की ती समजूतदारपणे ऐकतात.

बर्फ पडणार असं कळलं की

आदल्या दुपारीच फीडर काठोकाठ भरा. वादळ येण्याआधी पाखरं भराभर खातात, दुपारी तीननंतर तर झुंबड असते. पाहायची वेळ तीच.

सकाळी गाडी उकरायच्या आधी फीडरखाली दोन-तीन फुटांची जागा फावड्याने मोकळी करा किंवा बुटांनी बर्फ दाबून कडक करा आणि तिथे दाणे पसरा. जंको आणि डव्ह जमिनीवर खाणारे आहेत, भुसभुशीत बर्फात त्यांचे दाणे बुडून जातात. मी प्लायवूडचा तुकडा टाकते, संध्याकाळी झटकून आत घेते.

पाणी फार मोलाचं, कारण सगळं गोठलेलं असतं. गरम राहणारं बर्डबाथ, म्हणजे पाखरांसाठी पाण्याचं उथळ भांडं, मिळतं. तेवढा खर्च नको असेल तर उथळ प्लास्टिकच्या ताटलीत सकाळ-दुपार कोमट पाणी घाला. ते गोठू नये म्हणून मीठ, ग्लिसरीन, अँटीफ्रीझ यांतलं काहीही घालू नका.

दुर्बीण घ्यायची असेल तर ८x४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. खिडकीतून पाहायला सुरुवातीचे दोन महिने ती लागतही नाही.

स्वच्छता

हे टाळू नका. फीडर हे दाटीचं ताट आहे, एक आजारी पाखरू सगळ्यांना आजार देतं. दर पंधरा दिवसांनी एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवा, स्वच्छ धुवा, खडखडीत वाळवा आणि मगच भरा. खाली पडलेली टरफलं उचला. हाउस फिंच या चिमणीएवढ्या पक्ष्याचे डोळे सुजलेले, पाणावलेले दिसले तर तो जंतूंमुळे होणारा रोग आहे. १९९४ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टन डी. सी.च्या परिसरात तो पहिल्यांदा दिसला आणि भराभर पसरला. असं पाखरू दिसलं की फीडर काढा, धुवा आणि आठ-दहा दिवसांनी परत लावा.

मोजा आणि लिहा

साधी वही पुरे. तारीख, वेळ, किती बर्फ, कोण आलं. मोजणीचा एक नियम पाळा: एका जातीचे एका नजरेत जास्तीत जास्त किती दिसले तोच आकडा. सकाळी चार चिकड्या, दुपारी तीन, म्हणजे सात नव्हेत. त्याच पुन्हा येतात. चारच लिहायचं.

फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. १९९८ मध्ये तो सुरू झाला, आता जगभर चालतो, भारतातूनही खूप याद्या जातात. निदान पंधरा मिनिटं पाहून यादी पाठवायची, एवढंच. आई साताऱ्याच्या गच्चीवरून मोजते, मी इथल्या सिंकसमोरून. तिची यादी साळुंकी, बुलबुल, धनेश. माझी जंको, कार्डिनल, चिकडी. मग फोनवर ती पहिलं विचारते, “तो शिक्रा आला का गं?” आला असेल तर मी वेळ सांगते, आणि ती तिकडे आपल्या वहीत माझा शिक्राही लिहून ठेवते.

एप्रिलच्या मध्यापर्यंत जंको उत्तरेला निघून जातात, एकदम नाही, रोज दोन-चार कमी होत. वहीत शेवटच्या जंकोची तारीख नोंदवून ठेवा. ऑक्टोबरमध्ये त्याच पानावर पहिल्याची लिहायची आहे.